पाचला दुसरा शब्द

दोन फिल्मवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आणि मी अक्कल वापरली. दवाखान्यात नोकरी लागून चारच महिने झाले होते, त्यामुळे ती वापरायची हौस अजून फिटली नव्हती.

दवाखाना दातांचा आणि मी तिथला कंपाउंडर. नंबर लावणं, हत्यारं उकळणं, रडणाऱ्याला कापूस देणं आणि एक्स-रेच्या फिल्म धुऊन मागच्या खोलीत दोरीला टांगणं, एवढं माझ्याकडे. फिल्म टपालाच्या तिकिटाएवढी. ती चिमट्याला लावायची आणि चिमट्याला नाव-वय लिहिलेली चिठ्ठी अडकवायची, असा मॅडमचा नियम. त्या दिवशी उकाडा फार होता. मी खिडकी उघडली, वारा आला, आणि दोन पेशंटच्या चिठ्ठ्या फरशीवर उतरल्या.

एका पेशंटच्या फिल्ममध्ये हाडानं दाढेला गळ्यापर्यंत घट्ट धरलेलं. दुसऱ्याच्या फिल्ममध्ये दाढेच्या बाजूचं हाड खचलेलं, नदीनं काठ खाल्ल्यासारखं. चिठ्ठ्यांवर एक वय बावीस, दुसरं त्रेसष्ट. शाळेत ‘जोड्या लावा’ या प्रश्नात माझा गुण कधी गेला नव्हता. खचलेलं हाड मी त्रेसष्टला लावलं, घट्ट हाड बावीसला दिलं आणि खिडकी लावून चहा प्यायलो.

त्रेसष्ट म्हणजे बाजारातले घड्याळवाले काका. बावीस म्हणजे बसस्थानकाचा आवाज.

तिला सगळे ड्रायव्हर-कंडक्टर ‘घोषणा’ म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकात असेल. स्थानकाच्या मध्यभागी काचेची एक खोली, त्यात टेबल, पंखा, माइक आणि ती. गावातल्या प्रत्येकाला तिचा आवाज माहीत होता, चेहरा फार थोड्यांना. बायका पोरांना उठवताना म्हणायच्या, ऊठ, सहाची लागली म्हणते बघ ती. कोण ती, ते सांगावं लागत नसे. आवाज गोड वगैरे नव्हता. धुतलेल्या स्टीलच्या ताटासारखा स्वच्छ होता, आणि प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू यायचं. कर्णा जुना, खरखरणारा; तरी तिचं ऐकून चुकीची गाडी कधी कुणी पकडली नाही. या एका गोष्टीचा तिला गर्व होता.

पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा म्हणाली, “समोरचे दोन दात एकमेकांवर रुसलेत. मध्ये फट पडली आहे. आणि जरा लांबही झालेत.”

“रक्त येतं?” मॅडमनी विचारलं.

“कधीतरी ब्रश गुलाबी होतो. तेवढंच.”

मॅडमनी आरसा घालून पाहिलं. हिरड्या घट्ट, फिकट गुलाबी, कीट नावाला नाही. बाहेर अकरा माणसं खोळंबलेली. म्हणाल्या, दात सरकले की आधी दाढेचं हाड बघायचं; फिल्म काढून घेऊ, बघून कळवते. दोघांच्या फिल्म त्यांनी पेशंट गेल्यावर पाहिल्या. घड्याळवाल्या काकांना कळवलं की हाड गेलंय, कठीण काही चावू नका. घोषणाला कळवलं की काही नाही, मऊ ब्रश वापर.

पाच महिन्यांनी काका चिडून आले.

“मॅडम, पाच महिने मी पातळ खातोय. दातांचा निरोप घेऊन झाला, मित्रांना सांगून झालं, दोघं भेटूनही गेले. आणि हे जायचं नाव घेत नाहीत.”

मॅडमनी एकेक दात हलवून पाहिला. एकही हलेना. त्यांनी फाइलमधली फिल्म काढून दिव्यासमोर धरली, मग काकांच्या तोंडात पाहिलं, मग परत फिल्मकडे. काकांच्या दाढेत चांदी भरलेली होती. फिल्ममधल्या दाढेत नव्हती.

“मग हे कुणाचं?” त्या म्हणाल्या.

मी फरशी पुसत होतो. पुसलेलीच परत पुसायला लागलो.

त्यांनी फोन केला तो मी ऐकला. “अगं, त्या वेळी फिल्म बदलल्या गेल्या होत्या. तू उद्याच ये.” बदलल्या गेल्या. शाळेत कर्मणी प्रयोग शिकवला तेव्हा त्याचा उपयोग काय ते कळलं नव्हतं. त्यात करणारा वाक्याबाहेर उभा राहू शकतो. मी महिनोन्‌महिने तिथंच उभा राहिलो. फोन ठेवल्यावर मॅडम मला एवढंच म्हणाल्या, “मीही हिरडी मोजायला हवी होती. मोजली नाही.” रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोजली. दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी फट असते तिला मॅडम खिसा म्हणतात. दोन-तीन मिलिमीटर असेल तर ठीक. बारीक सळईनं त्या मोजत होत्या, मी कागदावर लिहीत होतो. “तीन, दोन, आठ. तीन, तीन, नऊ.” घोषणा आ वासून छताकडे बघत ऐकत होती. सळई बाहेर आल्यावर म्हणाली, “हे कुठल्या गाड्यांचं वेळापत्रक?”

कुणी हसलं नाही, म्हणून तिला कळलं.

मॅडमनी तिला सांगितलं ते मीही प्रथमच ऐकत होतो. हा हिरड्यांचा आजार म्हाताऱ्यांचाच असतो असं नाही. एक जात तरण्या पोरांनाच धरते, आणि धरते तेही ठरवून: समोरचे दात आणि पहिल्या दाढा. वरून हिरडी छान दिसते, दुखत नाही, आणि खाली हाड विरघळत राहतं. तिच्या खिशातलं पाणी कागदाच्या काडीवर टिपून शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवलं. जंतूचं नाव आलं ते लिहायला रकान्यात जागा पुरेना. मी ‘तो’ एवढंच लिहिलं.

“पाच महिन्यांपूर्वी कळलं असतं तर?” तिनं विचारलं.

मॅडम खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, “समोरचे दोन वाचायची शक्यता जास्त होती.”

“मला बाकीचे नकोत. ते दोन राहू देत. मी त्यांच्यावर पोट भरते.”

हे गंमत म्हणून बोलली नव्हती. आपल्या भाषेत च दोन आहेत. एक ‘चार’ मधला, एक ‘पाच’ मधला. लिहायला एक, बोलायला दोन. शाळेत हे कुणी समजावून सांगत नाही, आपण आईच्या तोंडून उचलतो. पाचमधला च, जाणारीमधला ज, माझामधला झ, हे जिभेचं टोक समोरच्या दातांमागे टेकल्याशिवाय निघत नाहीत. घोषणानं मला बोटांवर मोजून दाखवलं होतं: “‘पाच वाजता जाणारी जलद गाडी.’ पाच शब्दांत चार वेळा दातांकडे जावं लागतं. दात गेले की ही गाडी गेली.”

तिची नोकरी वर्षावर्षाची. डेपोचे साहेब दरवर्षी मार्चमध्ये तिचा कागद पुढे पाठवायचे, आणि दरवर्षी म्हणायचे की शहरातल्या डेपोंत आता यंत्र बोलतं.

उपचार सुरू झाले. बधिर करून हिरडीखालची सफाई, चार वेळा. आठ दिवस गोळ्या. तीन महिन्यांनी खिसे भरून आले, नऊचे पाच झाले, प्रयोगशाळेचा कागद जवळजवळ कोरा आला. घोषणानं माझ्या टेबलावर पेढे नव्हे, स्थानकाच्या नव्या वेळापत्रकाची प्रत ठेवली, सही करून. सहा महिन्यांनी तो परत आला. मॅडम म्हणाल्या, हा फक्त खिशात राहत नाही, हिरडीच्या आत शिरून बसतो. बाहेरचे झाडले तरी आतले परत येतात. मग हिरडी उघडून साफ केली, टाके घातले. चार महिने बरे गेले. मग समोरच्या दोन दातांपाशी पुन्हा आठ, पुन्हा नऊ.

ती दिवसातून तीनदा घासायची, दातांच्या फटींत दोरा फिरवायची, कोमट पाण्यानं खळखळायची. मॅडम म्हणायच्या, माझ्या सगळ्या पेशंटांत सगळ्यांत स्वच्छ तोंड हिचं. आणि स्थानकावरचे कंडक्टर तिच्या दातांमधली फट बघून म्हणायचे, “काय गं घोषणा, पेस्ट महाग झाली का?” ती म्हणायची, “हो ना, तुमच्या तोंडाचा वास मारण्यातच संपली.” काचेच्या खोलीत परत गेल्यावर मात्र ती माइक बंद आहे ना ते दोनदा तपासायची. ते मी पाहिलं आहे.

घरच्यांनाही तपासायला हवं, असं मॅडमनी सांगितलं. फोन लागेना म्हणून बोलवायला मी गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. आई आणि धाकटी बहीण. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. उजवा हात डाव्यापेक्षा काळा. खिडकीत एका पेल्यात तीन ब्रश, तिन्हींना वेगवेगळ्या रंगाचा दोरा. दुसऱ्या पेल्यात आईची कवळी होती. मी आलेला बघून तिनं पाठ फिरवून ती तोंडात बसवली.

“आमच्याकडे दात लवकर जातात,” ती म्हणाली. “माझे छत्तिसाव्या वर्षी गेले. माझ्या आईचे त्याआधी. केस मात्र टिकतात.”

“ते लवकर जाणं नाही, मावशी. तो आजार आहे. एकाकडून दुसऱ्याकडे जातो. थुंकीतून.”

ती इस्त्री करायला बसावं तशी ताठ बसली. “म्हणजे कसा?”

मी परत अक्कल वापरली. “म्हणजे लहानपणी उष्टा चमचा वगैरे.”

तिनं कवळीचा रिकामा पेला उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, “दोघींना भरवताना प्रत्येक घास आधी जिभेला लावून बघायची मी. पोळू नये म्हणून.”

धाकटी पंधरा वर्षांची. ती अभ्यास करत होती, पण पुस्तकाचं पान उलटायचं थांबली होती. मी म्हणालो, “तसंच झालं असेल असं नाही, मॅडम नीट सांगतील.” मॅडमनी नीट सांगितलंही, की नक्की कुणाला ठाऊक नसतं, दोष कुणाचा नसतो. त्या दिवसापासून आई स्वतःचं ताट आणि चमचा खिडकीत वेगळा ठेवायला लागली. घोषणा तो रोज उचलून सगळ्यांच्या भांड्यांत ठेवायची. आई रोज परत बाहेर काढायची. या दोघींचं भांडण असं, एक शब्द न बोलता, वर्षभर चाललं होतं.

धाकटीच्या पहिल्या दाढेपाशी पाचचा खिसा निघाला. एकच. मॅडम म्हणाल्या, लवकर सापडलं. त्या ‘लवकर’ शब्दावर घोषणानं माझ्याकडे पाहिलं की मला तसं वाटलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

समोरचे दोन दात गेले तेव्हा काढावे लागले असं म्हणणंसुद्धा जास्त होईल. मॅडमनी चिमटा लावला आणि ते आले. खाली हाडच नव्हतं. नवे दात हाडात रोवायचे तर हाड हवं आणि ‘तो’ जायला हवा, दोन्ही नाही. म्हणून काढता-घालता येणारी प्लेट बसवली, गुलाबी प्लास्टिकची, पुढे दोन दात. आरशात छान दिसली.

“बोल काहीतरी,” मॅडम म्हणाल्या.

“पात वादता दाणारी,” घोषणा म्हणाली, आणि तोंड मिटलं.

प्लेट मागे जाड असते. जीभ जिथं टेकायची तिथं आता प्लास्टिक. मॅडम म्हणाल्या, महिन्या-दीड महिन्यात जीभ शिकते. डेपोचे साहेब म्हणाले, पंधरा दिवस बघतो. एवढं तरी म्हणाले. वाईट माणूस नव्हता.

त्याच संध्याकाळी मी काचेच्या खोलीत गेलो. मला करणारा वाक्यात आणायचा होता. दारातच म्हणालो, “त्या फिल्म मी बदलल्या. चिठ्ठ्या पडल्या होत्या. तुझं वय बघून मला वाटलं, हे तुझं असूच शकत नाही.”

ती वहीत काहीतरी लिहीत होती. लिहीतच राहिली.

“माहीत होतं,” ती सावकाश म्हणाली. एकेक अक्षर चाचपत बोलत होती. “आधी मला ‘या, बसा’ म्हणायचास. मॅडमचा फोन आल्यापासून नुसतं ‘या’. बसा म्हणायची हिंमत होईना तुझी.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तू बोलायची वाट बघत होते. तुझी गाडी दीड वर्ष लेट.” मग वही माझ्याकडे सरकवली. “शिक्षा म्हणून हे घे. सगळं वेळापत्रक. यातले दातांचे शब्द काढून दुसरे घाल. मला पंधरा दिवस काढायचेत, आणि तुझं भाषेचं डोकं चालतं म्हणतात.”

“देतो. शब्द दिला.”

“नुसता देऊ नकोस, वहीत लिही.”

मी दोन दिवस त्या वहीला चिकटलो. ‘जाणारी’चं ‘निघणारी’ केलं, ‘वाजता’ सगळीकडून उडवून ‘सहाला’, ‘आठला’ केलं. ‘चौकशी’ची ‘माहिती’ झाली, ‘चालक’ ड्रायव्हर झाला, ‘दहा चाळीस’चं ‘अकराला वीस कमी’ झालं. स राहिला, त्याला बारीक शिट्टी लागायची. ती म्हणाली, शिट्टी चालेल, बसस्थानकच आहे. साहेबांना फरकही कळला नाही. कंडक्टर म्हणाले, घोषणाची भाषा हल्ली फार शुद्ध झाली.

अडकलं एकाच ठिकाणी. खाणीकडची जलद गाडी पाचला सुटायची. जलदचं ‘वेगाची’ झालं. पाचचं काही होईना. मी म्हणालो, “सतराला म्हण.”

“लोक सतरा नंबरचा फलाट शोधत फिरतील. आपल्याकडे सहा आहेत.”

“‘साडेचारनंतर अर्ध्या तासानं.’”

“गणित सुटेपर्यंत गाडी सुटेल.”

“उद्यापर्यंत काढतो काहीतरी.”

“काढ,” ती म्हणाली. “तोवर मी पाचच म्हणते. जमेल तसा.”

उद्या गेलं, परवा गेलं. दवाखान्यात गर्दी होती. खरं सांगायचं तर मला सुचतही नव्हतं, आणि न सुचण्याची लाज वाटून मी तिकडे जायचं टाळत होतो. अकराव्या दिवशी तिनं खाणीकडच्या वेगाच्या गाडीची घोषणा केली. तीनदा केली. तिच्या तोंडून ‘पाच’ निघालं ते ‘पात’ आणि ‘पास’ यांच्या मधलं काहीतरी, आणि त्या खरखरत्या कर्ण्यातून बाहेर पडेपर्यंत त्याचं ‘सात’ झालं. सातला खाणीकडची साधी गाडी असते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पलीकडच्या शेडमध्ये बाकांवर सात माणसं निवांत बसून राहिली. गाडी चार नंबरला लागली, आठ मिनिटं थांबली, अर्धी रिकामी निघून गेली. त्या सातांत एक मुलगी होती. तिची दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीच्या गावाहूनही पुढे परीक्षा होती, आणि पुढची जोडगाडी फक्त जलदलाच मिळायची.

मुलीनं तक्रार केली नाही. तिच्या वडिलांनी केली, नोंदवहीत, चांगल्या अक्षरात: ‘घोषणा करणाऱ्या बाईंना नीट बोलता येत नाही.’ घोषणानं ती स्वतः वाचली. तिचं ऐकून चुकीची गाडी कधी कुणी पकडली नव्हती. या वेळीही पकडली नाही, चुकवली.

साहेबांनी तिला काढलं नाही. पार्सलच्या खिडकीवर बसवलं. तिथं बोलावं लागत नाही. पोतं वजनकाट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा, शिक्का मारायचा. काचेच्या खोलीत महिन्याभरात यंत्र आलं. त्यातली बाई पाचमधला च चारमधल्या चसारखा म्हणते आणि ‘जाणारी’तला ज ‘जीवना’तल्यासारखा. दोन दिवस पोरांनी नक्कल केली. मग कान सरावले. यंत्रातल्या बाईबद्दल नोंदवहीत कुणी काही लिहिलेलं नाही.

गंमत अशी की दीड महिन्यात घोषणाची जीभ खरंच शिकली. आता ती पाच म्हणते, अगदी पहिल्यासारखं नाही, पण पाचच. मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, यंत्राचा करार तीन वर्षांचा आहे. हे तिला कळवलं तेव्हा तिनं एका खोक्यावर शिक्का मारला आणि म्हणाली, “तोवर बाजूचे दोन राहिले तर बघू.” बाजूच्या दोहोंपाशी आता सातचे खिसे आहेत.

धाकटी दर तीन महिन्यांनी येते. तिची फिल्म मी धुतो, पण आता टांगत नाही. वाळेपर्यंत हातात धरून उभा राहतो. मागच्या खेपेला पाचचा चार झाला होता. या खेपेला परत पाच. प्रयोगशाळेचा कागद यायचा आहे. धाकटी खुर्चीत बसल्या बसल्या ओठ न हलवता काहीतरी पुटपुटत असते. एकदा मी कान दिला. पाच, जाणारी, जलद, चमचा, माझा.

पार्सलच्या खिडकीवरून मी रोज जातो, दवाखान्याची वाट तिकडूनच आहे. माझी ती वही तिनं काउंटरवर ठेवली आहे, शिक्क्याच्या गादीखाली. सगळी पानं भरलेली, खाणीकडच्या पानावर एक जागा रिकामी.

“सापडला?” ती विचारते.

“बघतोय.”

“बघ. मला घाई नाही. मी आता कुठल्या गाडीला निघालेय?”

मागून कर्ण्यातली बाई बोलायला लागते. घोषणा बोलायची थांबते, ती संपेपर्यंत ऐकते, मग पोत्यावर आकडा लिहिते. मी वही उघडून त्या रिकाम्या जागेकडे बघतो आणि परत शिक्क्याच्या गादीखाली सारतो.